सतरा फोटो आणि एक मार्गदर्शक

"ह्यात मी कुठाय?" बाबरआण्णांनी विचारलं.

नसरीननं लॅपटॉप माझ्या टेबलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवला होता. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर घेतला आणि पडद्याच्या इतके जवळ गेले की श्वासानं काच धुरकटली.

"तुम्ही म्हणजे?" नसरीन म्हणाली.

"म्हणजे मी. उपनगराध्यक्ष. दिनकर रामचंद्र बाबर. ही रांजणवेल नगरपालिकेचीच वेबसाइट ना?"

"हो आण्णा."

"मग नगरपालिका कुठाय हिच्यात? मला तर नुसतं गटार दिसतंय."

गटार होतंच. पडद्यावर ठळक अक्षरांत ओळी होत्या: घरात बाळ आलं. घरातलं माणूस गेलं. नळाला पाणी नाही. गटार तुंबलं. घर बांधायचंय. लग्न नोंदवायचंय. ज्याला जे हवं त्यानं ती ओळ दाबायची, की पुढे काय करायचं ते दिसायचं. वरती नगरपालिकेचं नाव आणि बोधचिन्ह. बाकी काही नाही.

नसरीन मुलाणी आमच्याच पेठेतल्या टेलरची मुलगी. सांगलीला कॉम्प्युटर शिकून आली होती आणि वेबसाइटचं काम तिला मिळालं होतं. काम मिळाल्यावर ही पोरगी महिनाभर आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसून राहिली. खिडकीशी आलेला माणूस पहिलं वाक्य काय बोलतो तेवढंच ती लिहून घ्यायची. कोणीही येऊन "मला आरोग्य विभागाच्या जन्म-मृत्यू नोंदणी शाखेत जायचंय" असं म्हणालं नाही. लोक म्हणाले, "आमची आजी गेली, आता काय करायचं?" तिनं तेच पडद्यावर ठेवलं.

मुख्याधिकारी साळुंखे घसा खाकरून म्हणाले, "पण ह्यात आस्थापना विभाग दिसत नाही."

"साहेब, आस्थापना विभागाकडे काम घेऊन महिनाभरात एकही माणूस आला नाही."

"कसा येईल? तो आमचा आतला विभाग आहे."

"मग तो आतच राहू दे की."

मला हसू आलं, पण मी पदर सारखा करत खाली बघितलं. मी नगराध्यक्ष होते खरी, पण त्या दालनात हसायचं कधी हे अजून ठरलेलं नव्हतं. माझ्या खुर्चीला लागून दुसरी खुर्ची होती. तिच्यावर आमचे हे बसायचे. ह्यांचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि आधी दोन वेळा ते नगरसेवक होते. अध्यक्षपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा ह्यांनीच मला उभं केलं. लोक दालनात आले की बोलायचे ह्यांच्याशी आणि कागद सरकवायचे माझ्याकडे.

"फोटो पाहिजेत," आण्णा म्हणाले. "सगळ्या सतरा नगरसेवकांचे. लोकांनी निवडून दिलंय आम्हाला. त्यांना आमची तोंडं बघायची असतात."

"लोकांना दाखला पाहिजे असतो, आण्णा," नसरीन म्हणाली.

"दाखला काय, आज ना उद्या मिळतोच. फोटो नसले तर पुढच्या सर्वसाधारण सभेत मला वेगळा विषय आणावा लागेल, वहिनी."

हे मला उद्देशून होतं. वेगळा विषय म्हणजे अविश्वास ठराव. मी गेले तर सभेचा कारभार आण्णांकडे येणार होता. ते खिडकीतून बाहेर बघत होते, पण माझी खुर्ची त्यांना पाठीनंही दिसत असावी.

मला वर्षही झालं नव्हतं तिथं बसून. सुरुवातीला हे दाखवतील तिथं सही करायची. मग हळूहळू कागद वाचायला लागले, मग प्रश्न सुचायला लागले. आता पंच्याहत्तरी उलटली म्हणून सांगते, तेव्हा कोणापाशी बोलले नव्हते: मला ती खुर्ची हवी होती. आणि हवी होती ती सगळीच्या सगळी, निम्मी नाही.

"आण्णांचं बरोबर आहे," हे म्हणाले. "फोटो लागलेच पाहिजेत. आणि माझाही एक टाका."

"तुमचा कशात बसवू, काका?" नसरीननं विचारलं.

ह्यांनी जरा विचार केला. "मार्गदर्शक," ते म्हणाले.

फोटो काढायचा दिवस ठरला. त्या काळी चौकाचौकातल्या फलकांवर पुढारी कानाला मोबाईल लावूनच उभा असायचा. त्याशिवाय पुढारीच वाटायचा नाही. कोणाशी बोलतोय हे कोणी विचारायचं नाही. मोठ्या कामाचं बोलतोय एवढं कळलं की झालं. स्टुडिओत सगळे कडक इस्त्रीत आले. बऱ्याच जणांचे मोबाईल जुने, बटणं झिजलेले, रबर लावलेले. आण्णांच्या पुतण्याकडे एक चकचकीत नवा होता. तोच सगळ्यांच्या कानाला फिरला. चार नंबर वॉर्डाच्या शेवंताबाईंनी उलटा धरला, पण चेहरा छान आला म्हणून तसाच ठेवला. ह्यांनी एका कानाला मोबाईल लावला आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं, मार्ग दाखवताना.

"प्रमिला, तूही धर की," हे मला म्हणाले.

"मला कोणाचा फोन आलाय?" मी म्हटलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

आण्णांच्या सांगण्यावरून फोटोंच्या भोवती झेंडूच्या फुलांची चौकट आली. दोन्ही बाजूंना समया. पान कुठलंही उघडा, आधी सतरा फोटो आणि एक मार्गदर्शक, मग कामाच्या ओळी. नसरीन बिचारी सगळं चढवत गेली. काम झाल्यावर म्हणाली, "मावशी, आता हे पान उघडेपर्यंत माणसाचं बाळ चालायला लागेल."

लोकांना वापरता यावं म्हणून व्हरांड्यात एक कॉम्प्युटर ठेवला होता. पहिल्याच दिवशी दादबा लोहार आले. त्यांची आई गेली होती, नव्वदीची म्हातारी. दाखला हवा होता. मी नेमकी बाहेरच उभी होते. दादबांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, आणि नसरीननं फोटो वर सरकवून खालच्या ओळी समोर आणल्या आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

"बाबा, ह्या ओळीवर दाबा. घरातलं माणूस गेलं."

दादबांनी दाबलं. नेट तेव्हा बैलगाडीच्या चालीनं चालायचं. पडद्यावर आधी मोठं शीर्षक उमटलं: घरातलं माणूस गेलं. त्याखाली झेंडूची फुलं. मग समया. मग एकेक फोटो वरून खाली हळूहळू उघडायला लागला.

पहिला फोटो आण्णांचा. दादबांनी टोपी काढली.

"अरेरे," ते म्हणाले. "बाबरआण्णा? कधी?"

नसरीन काही बोलायच्या आत दुसरा फोटो उघडला. मग तिसरा. दादबा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"शेवंताबाई पण! काल तर दळण घेऊन चालली होती. अगं पोरी, एकाच गाडीत होते का काय सगळे?"

"नाही बाबा, ते..."

"फोनवर बोलत बोलतच गेलेले दिसतात. किती सांगायचं, गाडी चालवताना फोन घेऊ नये." मग माझ्या फोटोच्या आधीच ह्यांचा उघडला आणि दादबांनी वळून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी," ते म्हणाले, "आणि तुम्ही कचेरीत?"

मी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं, मी रडतेय. तेवढ्यात दालनाचं दार उघडून आण्णा बाहेर आले, "काय गर्दी आहे?" म्हणून. दादबांच्या हातातली टोपी खाली पडली. आणि त्यांच्या मागून आमचे हे आले तेव्हा दादबा खुर्ची धरून भिंतीला टेकले.

दुपारपर्यंत ही गोष्ट बाजारात पोचली. शेवंताबाईंच्या घरी दोन बायका भेटायला गेल्या, दार त्यांनीच उघडलं म्हणून ओशाळून परत आल्या. आण्णांना पानपट्टीवाल्यानं विचारलं, "वर हवा कशी आहे, आण्णा?"

संध्याकाळी आण्णा माझ्या दालनात येरझारा घालत होते. मला वाटलं, आता फोटो काढायला सांगतील. कसलं काय!

"शीर्षक बदला," ते म्हणाले. "फोटो राहणार. माघार नाही."

ह्यांनी मान डोलावली. "माघार घेतली तर लोक म्हणतील, घाबरले."

मी टेबलावरच्या छापलेल्या पानाकडे बघत होते. सतरा सदस्य, त्यातले सोळा कानाला एकच मोबाईल लावून. आणि बघता बघता मला दादबांचंच बोलणं आठवलं, फोनवर बोलत बोलत गेले म्हणून. म्हटलं, लोक त्या फोनकडे बघतात तर.

"आण्णा, फोटो राहू द्या," मी म्हणाले. दोघांनीही चमकून माझ्याकडे पाहिलं. "पण तुमच्यासारख्या माणसाचा फोटो असा गर्दीत कशाला? शेवंताबाईंच्या शेजारी, पाणपोईच्या देणगीदारासारखा? तुमचा एकट्याचा लावू. पानभर."

आण्णा थांबले. "पानभर?"

"तुमच्या वॉर्डातल्या माणसानं गटार तुंबलं म्हणून दाबलं, की समोर तुम्ही. पाणी नाही म्हणून दाबलं, तरी तुम्हीच. दुसरं कोणी नाही."

"वॉर्डात मीच तर आहे," आण्णा म्हणाले. खुर्चीवर बसलेसुद्धा.

"आणि कानाला फोन आहे, तर खाली नंबर नको का? नाहीतर लोक म्हणतील, नुसताच धरलाय."

"नंबर पाहिजेच! माझा खासगी टाका. कचेरीचा कोण उचलतो?"

नसरीन कोपऱ्यात उभी होती. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि भराभर लिहून घ्यायला लागली.

"आणि माझं काय?" ह्यांनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांच्या वर. नगरसेवकांनी दखल घेतली नाही, तर माणसानं शेवटी जायचं कोणाकडे? मार्गदर्शकांकडे."

हे नसरीनला म्हणाले, "बोट दाखवलेला फोटोच घे हं."

मीही माझा मोबाईल नंबर दिला. माझ्या पानावर सगळ्याच वॉर्डांच्या तक्रारी येणार होत्या. प्रत्येकाला आपापल्या वॉर्डासाठी असंच पानभर फोटो आणि नंबर मिळणार म्हटल्यावर सतराही सदस्यांनी आनंदानं सही केली. इतक्या एकमतानं त्या कचेरीत त्याआधी फक्त चहा मंजूर झाला होता.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. वेबसाइट उघडून बघणारे आमच्या गावात मोजकेच. पण त्यांनी बघितलं, नंबर उतरवून घेतले आणि नंबर पिठाच्या गिरणीपासून देवळाच्या पारापर्यंत पसरले. आण्णांच्या भाचीचा साखरपुडा चालू होता. भटजी मंत्र म्हणतायत आणि आण्णांच्या खिशात फोन वाजतोय. त्यांनी कापला. पुन्हा वाजला. शेवटी मांडवाच्या कडेला जाऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, मी कार्यात आहे."

पलीकडची बाई मोठ्या आवाजाची होती, शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू आलं. "फोटोत तर फोन कानाला लावूनच बसलाय! मग मघापासून उचलत का नाही?"

शेवंताबाईंनी दळण सोडून मुकादमाबरोबर गटाराच्या कडेनं हिंडायला सुरुवात केली. मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही नका येऊ, आम्ही करतो." त्या म्हणाल्या, "तू करशील रे, पण फोन मला येतोय." त्या आठवड्यात चार नंबर वॉर्डातली गटारं इतकी साफ झाली की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे.

पण खरी मजा आमच्या घरी होती. कारण ज्याचं काम नगरसेवकाकडे झालं नाही तो ह्यांना फोन करायचा, आणि ज्याचं झालं तोही करायचा, खात्री म्हणून. हे दुकानात गिऱ्हाईकाला कांद्याचं बी मोजून देत असताना एका बाईनं माकड धरायला बोलावलं. एका म्हाताऱ्यानं मार्गदर्शन मागितलं की धाकट्या सुनेशी कसं वागावं. हे जेवायला बसले की पहिल्या घासाला फोन.

"मी काय करू? मी बघतो म्हणून सांगितलं की विचारतात, कधी?" हे मला म्हणाले. "असं आधी कोणी विचारत नव्हतं."

"मार्ग दाखवा," मी म्हटलं. "बोट आहेच."

सभेच्या आदल्या दिवशी ह्यांनी बातमी आणली. "बाबरनं सह्या जमवल्यात. उद्या तुझ्यावर अविश्वास आणतोय. आणतोयच. म्हणतो, ह्या बाईनं आमच्या मागे हे लचांड लावलं."

"किती सह्या?"

"पुरेशा." हे म्हणाले, "मी बोलून बघू का त्याच्याशी?"

"नको," मी म्हटलं. "तुम्ही उद्या येऊही नका. सभा सदस्यांची असते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी अचानक दुसऱ्याच गावची बोली बोलायला लागले होते. पण दुसऱ्या दिवशी ते दुकानातच थांबले.

सभागृहात मी एकटीच अध्यक्षांच्या खुर्चीवर बसले. मोबाईल समोर टेबलावर ठेवला. आण्णा कागदाची घडी हातात घेऊन उभे राहिले. चेहरा झोप न झाल्यासारखा.

"अध्यक्षांच्या परवानगीनं मला एक विषय..."

माझा फोन वाजला.

"एक मिनिट आण्णा." मी उचलला. "बोला. हो, मीच. कुठला वॉर्ड? बरं, लिहून घेतलं. परवापर्यंत बघते." ठेवला. "हं, बोला."

"विषय असा आहे की ह्या नगरपालिकेच्या कारभारावर..."

पुन्हा वाजला. ह्या वेळी कत्तलखान्यामागच्या दिव्याचं होतं. आण्णा उभेच. मग अकरा नंबर वॉर्डातून पाण्याची टाकी. मी प्रत्येकाचं नाव विचारत होते, लिहून घेत होते. सभागृहात कोणी हसत नव्हतं. सगळ्यांनी आपापले मोबाईल बंद करून खिशात दाबून धरले होते.

"माफ करा हं, आण्णा," मी म्हणाले. "हा फोन माझा नाही तसा. खुर्चीचा आहे. नसरीननं तशीच सोय केलीय. ह्या खुर्चीत जो बसेल त्याचा फोटो, त्याचा नंबर, सगळ्या वॉर्डांसाठी. उद्या तुम्ही बसलात तर आपोआप तुमचा होईल. तुमचा विषय तोच आहे ना?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग फोनकडे बघितलं. तो पुन्हा थरथरायला लागला आणि टेबलावर हळूहळू त्यांच्याच दिशेनं सरकायला लागला.

आण्णांनी कागदाची घडी आणखी एकदा दुमडली आणि खिशात घातली.

"माझा विषय," ते म्हणाले, "फोटोंचा आहे. नागरिकांना फोटोंमुळे अडथळा होतो, असं माझ्या निदर्शनास आलंय. पान हलकं पाहिजे. सदस्यांचे फोटो आणि नंबर काढून टाकावेत, असा मी ठराव मांडतो."

"अनुमोदन!" शेवंताबाई जवळजवळ ओरडल्याच.

सोळा हात वर झाले. मी म्हटलं, फोटो काढू, पण तक्रारींना क्रमांक पडेल आणि प्रत्येक सभेत त्या मोठ्यानं वाचल्या जातील. तेही मंजूर झालं. त्या क्षणी मी नगरपालिकेची इमारत विकायला काढली असती तरी मंजूर झाली असती. "आणि माझा नंबर राहू दे," मी म्हणाले. त्याला कोणाचीच हरकत नव्हती.

नसरीननं त्याच दुपारी पान मोकळं केलं. झेंडू गेले, समया गेल्या. वरती पुन्हा नुसत्या ओळी. दादबांना बोलावून घेतलं. त्यांनी ओळ दाबली, आईचं नाव सांगितलं आणि दाखला घेऊन गेले. जाताना पडद्याकडे बघून म्हणाले, "आता कसं, आपलंच माणूस गेल्यासारखं वाटलं."

हल्ली नातसून मोबाईलवर दोन बोटांनी सगळे दाखले काढते आणि मला म्हणते, आजी, ह्यात विशेष काय?

सभेनंतर दोन दिवसांनी तक्रारींचे कागद माझ्या टेबलावर आले. नसरीन दारातच उभी राहिली, जायचं नाव घेईना.

"काय गं?"

"मावशी, वरचा वाचा."

नसरीननं लोकांच्या सांगण्यावरून पानावर एक नवी ओळ घातली होती: विनापरवाना फलक काढायचाय. त्याखाली हा अर्ज आला होता.

"माननीय नगराध्यक्षा महोदया यांस. ठराव फक्त सदस्यांच्या फोटोंचा झाल्यामुळे माझा फोटो व नंबर अद्याप पानाच्या तळाशी आहे. मी सदस्य नाही. मार्गदर्शक हे पद कायद्यात नाही असे मुख्याधिकारी म्हणतात. तरी सदर फलक कृपया त्वरित काढावा. आपला विश्वासू, शंकर गणपत तावरे, एक नागरिक."

अर्ज मी दोनदा वाचला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण ह्यांनी मला महोदया कधी म्हटलं नव्हतं. मी त्यावर तारीख टाकली आणि कागद ढिगाच्या तळाशी ठेवला.

"खाली?" नसरीन म्हणाली.

"आधी आलेल्यांची आधी."

दुपारी घरी जेवायला बसलो. मी ह्यांना भाकरी वाढली. हे आमटी कालवत राहिले, कालवत राहिले.

"माझा एक अर्ज होता," शेवटी म्हणाले.

"आलाय."

"मग?"

"रांगेत आहे. तुमच्या आधी बऱ्याच जणांची गटारं आहेत."

"अगं पण तोवर..."

त्यांच्या ताटाशेजारचा मोबाईल वाजायला लागला. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हातानं उचलला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. हे नुसतं हं, हं करत होते.

"थांबा," ते म्हणाले. "हे माझ्या अखत्यारीतलं नाही. अध्यक्षांना देतो."

आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी हात धुतला, पदराला पुसला आणि घेतला.